ओ आली की दोर सैल

१

खड्ड्यात माणूस उतरला की वरच्याने थोड्या थोड्या वेळाने हाक मारायची आणि खालच्याने ओ द्यायची. ओ आली की दोर सैल. ओ आली नाही की पुन्हा हाक न मारता सगळ्यांनी मिळून दोर ओढायचा. आमच्या कामात सुरक्षेचा नियम म्हणून जे काही होतं ते एवढंच, आणि तेही आमच्या कार्यालयाने ठरवलेलं नव्हतं. विहिरी खोदणारी माणसं ते बरोबर घेऊन आली होती.

१९९७ सालचा फेब्रुवारी होता. पिंपळगाव रेणुकाईच्या पुढे डांबर संपून गाडीवाट लागते, तिथे कडूबा आबांचं रान. आम्ही तिथे दुर्मिळ मृदा शोधत होतो. ही मृदा म्हणजे माती नव्हे, ते धातू असतात, टीव्हीच्या पडद्याला लागतात, चुंबकांना लागतात, हे मी पहिल्याच दिवशी पारावर उभं राहून समजावून सांगितलं होतं. कडूबा आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माती न्हाई तर मंग मृदा कशाला म्हन्ता?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, त्यामुळे मला त्यांचा राग आला.

शोध अगदी सुरुवातीचा होता. काही आहे की नाही हेच कोणाला माहीत नव्हतं. ओढ्यातली रेती चाळायची, शेतातली माती पिशवीत भरायची, टिकटिक करणारं एक यंत्र गळ्यात अडकवून बांधाबांधाने हिंडायचं. कडूबा आबांच्या रानात ते यंत्र जरा जास्त टिकटिकलं, म्हणून आम्ही तिथे खड्डा घेतला. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि तीन परस खाली, म्हणजे एकावर एक तीन पुरुष उभे राहतील एवढ्या खोलीवर, तांबडा थर. लाव्हाच्या दोन लोंढ्यांमध्ये काही काळ गेला, त्या काळात वरच्या दगडाची माती झाली, मग दुसरा लोंढा आला आणि ती माती भाजून निघाली. तोच हा थर. मी म्हटलं, याच्यातच काही असलं तर असेल. मग थर जिकडे जातो तिकडे, आडवं, माणूस सरपटत जाईल एवढं भुयार धरलं. ते पुढे जरा खाली उतरत गेलं. वळणावर दोर घासून अडकायचा, खालच्याने हिसका दिला तरी वर कळायचा नाही. म्हणून हाक आणि ओ.

माझं नाव बेबीनंदा. आजोबांनी शाळेत हौसेने घातलेलं. एम.एस्सी.च्या प्रमाणपत्रावरसुद्धा बेबीनंदा. त्यामुळे छावणीत आल्या आल्या मी सगळ्यांना बजावलं होतं, मला मॅडम म्हणायचं. फक्त आमचे प्रमुख सर्जेराव सर ऐकायचे नाहीत. ते निवृत्तीला टेकले होते आणि मला मुद्दाम 'बेबी' म्हणायचे.

२

खाली उतरायचा तो भिवा. पंचक्रोशीतल्या निम्म्या विहिरींत तो उतरलेला होता. बारीक, काटक, आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. त्याची बायको चतुराबाई घमेली उचलायची. त्यांची शिवकन्या, सहा-सात वर्षांची, दिवसभर लिंबाखाली खेळायची. दोर धरायला संपत आणि आणखी तिघं होते.

खड्ड्याच्या तोंडावर बसून हाक मारायचं काम आधी संपतकडे होतं. ते सगळ्यांत हलकं काम आणि ते करणारा सगळ्यांत दांडगा गडी. हे मला पटेना. मी संपतला दोरावर घेतलं आणि चतुराबाईला तोंडावर बसवलं.

कडूबा आबा बांधावरून उठून आले. "तोंडावर बायको बसवू नका."

"का?"

"न्हाई बसवत."

"कारण सांगा ना, आबा."

"कारन काय? न्हाई बसवत म्हंजे न्हाई बसवत. माझ्या बापानं न्हाई बसवली, त्याच्या बापानं न्हाई बसवली."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "बाई कलेक्टर होते, विमान चालवते, आणि तुमच्या खड्ड्याच्या काठावर बसून हाक मारू शकत नाही?"

सर्जेराव सर छत्रीखाली चहा पीत होते. म्हणाले, "बेबी, ते बाई म्हणाले नाहीत. बायको म्हणाले."

"एकच की, सर."

सरांनी चहाचा घोट घेतला. त्यांना बहुधा स्वतःलाच काय म्हणायचंय ते कळलं नव्हतं. मी चतुराबाईला म्हटलं, "बसा हो तुम्ही."

ती लाजत बसली. काठावरून वाकून तिने हाक मारली, "आवं! हाय का?"

खालून आवाज घुमत आला, "ओ! हाय, हाय! मी हाय तवर दुसरा बघू नको!"

दोरावरचे सगळे हसले. चतुराबाईने पदर तोंडात धरला. मी आबांकडे पाहिलं. ते बांधावर परत जाऊन पाठ करून बसले होते.

३

पाच-सहा दिवस छान गेले. "आवं! हाय का?" की खालून काहीतरी यायचं. "ओ! चहा ठिव!" किंवा "ओ! झोपलो व्हतो, कशाला उठवलं!" मी कागदावर नोंदी करता करता ते ऐकायची. मग एका दुपारी माझ्या लक्षात आलं की बराच वेळ खालून नुसती 'ओ' येतेय. पुढे काही नाही. थकला असेल, म्हटलं. भुयार आत गेलं तसा खालचा उकाडाही वाढला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला होता. चतुराबाई मुलीला पाणी पाजायला लिंबाखाली गेली, तेवढ्यात भिवा दोर धरून वर आला. अंगभर तांबडा. मडक्यातलं पाणी त्याने तोंडात घेतलं आणि बायको परत येताना दिसली तसं त्याला काही सुचलं. ओठांवर बोट ठेवून त्याने आम्हाला गप्प केलं आणि तो तिच्या पाठीमागच्या ढिगाऱ्याआड उकिडवा बसला. गाल पाण्याने फुगलेले. आता ही खाली हाक मारणार आणि हा मागून तिच्या मानेवर चूळ टाकणार. संपत खांदे हलवून हसत होता. मीसुद्धा हसत होते.

चतुराबाई बसली. वाकली. "आवं! हाय का?"

"ओ."

आम्ही सगळे हसलो. मी भिवाकडे पाहिलं. त्याचे गाल तसेच फुगलेले होते. तोंड मिटलेलं. त्याच्या डोळ्यांत मात्र हसू नव्हतं. हळूहळू त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून पाणी गळायला लागलं आणि छातीवरच्या तांबड्या मातीत त्याचा ओघळ झाला.

चतुराबाई समाधानाने मागे सरकली, वळली, आणि तिला नवरा दिसला.

४

"प्रतिध्वनी आहे," मी म्हटलं. आणि मला खरंच तसं वाटत होतं. 'आवं' हा शब्द खड्ड्यात घुमला की त्याचा 'आ' विरतो आणि शेपूट उरते. ती 'ओ'सारखीच ऐकू येणार. मी हे वाळूत आकृती काढून सांगितलं. संपत आकृतीकडे न बघता खड्ड्याकडे बघत होता.

"म्हंजे रोज बी तेच येत व्हतं का?" तो म्हणाला.

"रोज भिवा खाली होता. रोज भिवाच द्यायचा."

भिवा घसा खाकरून म्हणाला, "काल दुपारपासून मला एक बी हाक ऐकू आली न्हाई, मॅडम. मला वाटलं, ही रुसली."

मी सगळी माणसं पुन्हा पुन्हा मोजली. सगळे वर होते. मग मीच काठावर गेले, ओणवी झाले आणि मुद्दाम दुसरा स्वर घेतला. "ए!"

खालून थंड हवा आली. मग, जरा उशिराने, अगदी सरळ, "ओ."

मी पुन्हा ओरडले, "ईऽ!"

"ओ."

आवाज भिवाचा होता. घुमलेला नव्हता. शेजारच्या खोलीतला माणूस हातातलं काम न सोडता ओ देतो, तसा होता.

त्या दिवशी काम थांबलं. संध्याकाळी सर्जेराव सर म्हणाले, "बुजवून टाकू. दुसरीकडे घेऊ." कडूबा आबा म्हणाले, "उद्याच बुजवा. बिलकुल ठिवू नका." मी भांडले. भुयार अजून थराच्या मध्यापर्यंतही पोहोचलं नव्हतं. एका घुमणाऱ्या आवाजासाठी एवढं काम मातीत घालायचं? सर म्हणाले, आधी औरंगाबादच्या कार्यालयाला विचारतो. पिंपळगावातला फोन बंद होता, म्हणजे त्यांना भोकरदनला जावं लागणार होतं.

आमची छावणी म्हणजे गावाबाहेरची पत्र्याची खोली. मी झोपायची त्या भिंतीला लागून नमुन्यांच्या पिशव्यांची रांग. काळ्या मातीच्या, मुरमाच्या आणि शेवटी तांबड्या. मी उशी त्या भिंतीपासून दुसऱ्या भिंतीला नेली. मग आपण असं केलं याचा राग येऊन परत आणली.

५

सकाळी चतुराबाई खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत या म्हटलं तर आली नाही. तिची नजर पिशव्यांवर होती.

"मॅडम, त्यो ओ देत न्हाई."

"कोण?"

"ह्ये. घरात." तिने घराच्या दिशेला हनुवटी केली. "काल आल्यापासून. मी आवं म्हनलं की बघतो. येतो बी. पन ओ देत न्हाई. शेजारच्यानं भिवा म्हनून हाक मारली तरी न्हाई. पोरगी बाबा, बाबा करून राह्यली, तर तिच्या तोंडाकडं बघत बसला."

"घाबरलाय तो, बाई. धक्का बसलाय."

"घाबरला असता तर बडबड केली असती. त्यो घाबरला की लई बोलतो."

मी तिच्याबरोबर गेले. दोन खोल्यांचं घर, शेणाने सारवलेलं. भिवा आतल्या खोलीत भाकरी खात होता. मला बघून म्हणाला, "या, मॅडम." आवाज नेहमीचा. कामाला कधी लागायचं म्हणून विचारलं. मी जरा हुश्श केलं. मग बाहेरच्या खोलीत येऊन सहज हाक मारली, "भिवा!"

आत भाकरी मोडल्याचा आवाज थांबला. ओ आली नाही. जरा वेळाने भाकरी पुन्हा मोडायला लागली.

माणूस ओ देत नाही म्हणून तो माणूस नाही, असं होत नाही. कानात माती गेली असेल. पण मग मी त्याच्याशी बोलले ते त्याला कसं ऐकू आलं? मी उंबऱ्यात उभी राहून याचा विचार करत होते तेव्हा चतुराबाईने माझं मनगट धरलं.

"आबा म्हन्तेत, बुजवा. बुजवू नका, मॅडम. खाली त्यो असन तर?"

"तो इथे बसलाय, चतुराबाई."

"मंग खाली कोन ओ देतंय? वीस वरीस ऐकते मी ती ओ. मला न्हाई कळनार का?"

तिच्या मागे शिवकन्या उभी होती आणि आतल्या खोलीकडे बघत होती. मी म्हटलं, "मी स्वतः उतरते. खाली कोणी नाही हे डोळ्यांनी बघून येते. मग तर झालं?"

६

सर जीप घेऊन भोकरदनला गेले होते, हे बरंच झालं. ते असते तर उतरू दिलं नसतं. कडूबा आबा बांधावर होते. ते नुसते मान हलवत राहिले. भिवालाही आम्ही बरोबर आणलं होतं. तो लिंबाखाली बसला, गुडघे हनुवटीला लावून.

कमरेला दोर, हातात बॅटरी. तोंडावर मी संपतला बसवलं. चतुराबाईला बसवायचं मला धाडस झालं नाही, आणि त्याचं कारण मी स्वतःलाही सांगितलं नाही.

मुरमापर्यंत उजेड होता. तळाला पाय टेकले तेव्हा वर एक पांढरा गोल आणि त्यात संपतचं डोकं. "मॅडम!" "ओ!" मी दिली. मग ओणवी होऊन भुयारात शिरले.

आत तांबडं. बॅटरीच्या उजेडात भाजलेल्या विटेसारखं. भिवाच्या पहारीच्या खुणा दोन्ही अंगांना सारख्या, नीटस. कोपरांवर पुढे सरकताना मी त्या खुणांवर बोट फिरवत होते, त्याने धीर येत होता. भुयार उतरतं होतं, मागे यायला त्रास होणार हे कळत होतं, पण दोर होता. "मॅडम!" आता हाक लांबून आली, उशीतून आल्यासारखी. "ओ!" मी दिली.

मग पहारीच्या खुणा संपल्या. भुयार मात्र संपलं नाही.

पुढे एक पोकळी होती. ती पहारीने केलेली नव्हती. मडक्याच्या आतल्या बाजूसारखी गुळगुळीत. माणूस गुडघे हनुवटीला लावून बसला तर जेवढी जागा लागेल तेवढी, आणि त्याच आकाराची. खांदा कुठे टेकला होता ते दिसत होतं. गुडघे कुठे होते ते दिसत होतं. तोंड जिथे असायला हवं तिथली माती ओली होती. बाकी सगळं कोरडं ठणठणीत आणि तेवढीच ओली. मी बॅटरी जवळ नेली. झऱ्याच्या तोंडाशी माती जशी हलते, आत जाते, बाहेर येते, तशी ती हलत होती.

"मॅडम!" लांबून.

माती उघडली.

"ओ." माझ्या कानाजवळ, माझ्या आवाजात.

मी मागे रेटलं. पाय उताराला वर जाईनात. पोटऱ्यांवर भुसभुशीत माती घसरली. मी जीव खाऊन ओरडले, "ओढा!" दोर वळणावर अडकलेला. "ओढा! संपत, ओढा!" तो शब्द भुयारात किती गेला आणि किती गिळला गेला, मला माहीत नाही. संपत नंतर शपथेवर सांगत होता की त्याला फक्त 'ओ' ऐकू येत होती. ओ आली की दोर सैल. मला कमरेशी जाणवलं, त्यांनी दोर आणखी सोडला.

"मॅडम! हाय का?"

"ओ." मी तोंड उघडलंही नव्हतं.

बॅटरी हातातून सुटून त्या पोकळीत घरंगळली आणि तिचा उजेड तिथेच, खालून वर, पडून राहिला. मी डोळे मिटले. हवा जड झाली होती. पुन्हा हाक, पुन्हा ओ. पुन्हा हाक, पुन्हा ओ. वरचे सगळे निर्धास्त होते. मी व्यवस्थित होते. मी प्रत्येक हाकेला उत्तर देत होते.

मग वर कुठेतरी जीपचा आवाज आला आणि बंद झाला. बरीच बोलणी झाली. मग मला आयुष्यात सगळ्यांत जास्त ज्याचा राग येत आला ते नाव, पूर्ण, त्या भुयारात आलं.

"बेबीनंदा!"

काही आलं नाही. मातीतून आलं नाही, आणि माझ्या तोंडून आवाज निघत नव्हता.

मग कमरेला असा हिसका बसला की श्वासच तुटला.

७

मला काठावर पालथं टाकलं होतं. मी तांबडं थुंकत होते. सर्जेराव सर माझ्या शेजारी मातीत बसले होते, त्यांचे हात दोराने सोलले होते.

"मी आलो तेव्हा हे 'मॅडम, मॅडम' करत होते आणि तू ओ देत होतीस," ते म्हणाले. "फार शहाण्यासारखी देत होतीस. तेच मला खटकलं. म्हटलं, हिला चिडवून बघावं. नाव घेतलं, तर गप्प."

कडूबा आबा काठीवर रेलून उभे होते. कोणाकडे तरी बघावं तसे ते खड्ड्याकडे बघत होते. "मॅडम काय, कुनालाबी म्हन्तेत," ते हळूच म्हणाले. "आवं बी कुनालाबी म्हन्तेत. नाव न्हाई घेतलं तर जो आसन त्यो ओ देतो." मग त्यांनी चतुराबाईकडे पाहिलं. "म्हनून बायकोला बसवत न्हाईत. बायको नाव घेत न्हाई."

मी उठून बसले. "आबा, हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"मला बी आत्ताच कळून राह्यलं, पोरी."

इतका राग मला आधीही कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. कारण माहीत नसलेला नियम बापाकडून घ्यायचा, पोराला द्यायचा, आणि विचारलं की 'न्हाई बसवत'! पण रागवायला वेळ नव्हता. मी चतुराबाईचा हात धरून तिला काठाशी आणलं. "नाव घ्या त्याचं. तो खाली असेल तर नावाला ओ देईल. नसेल तर कळेल."

"मी कसं घ्यावं? लग्नात घेतलं व्हतं एकडाव, उखान्यात."

"घ्या!"

तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. ओठ दोनदा हलले. मग ती वाकली आणि म्हणाली, "भिवा."

आम्ही सगळे वाट बघत होतो. वारा लिंबातून गेला तेवढाच. तिने पुन्हा, मोठ्याने, "भिवा!" खड्डा गप्प होता. साध्या खड्ड्यासारखा. संपतने कपाळ पुसलं. मी म्हटलं, "बघा. कोणी नाही खाली." माझा आवाज हसल्यासारखा निघाला.

चतुराबाई तशीच वळली. लिंबाखाली नवरा बसला होता, मुलगी त्याच्यापासून थोडी लांब. तिने त्याच्याकडे बघून, तोंडावरचा पदर काढून, स्पष्ट हाक मारली, "भिवा!"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग ती कोणाला हाक मारतेय ते बघायला त्याने मागे वळून पाहिलं.

मागे नुसतं ज्वारीचं धसकट होतं.

खड्डा आम्ही त्याच दिवशी बुजवला. तांबडी माती आधी, मग मुरूम, वर काळी. आबांना पीक घेता यावं म्हणून मी स्वतः उभी राहून तसं करवून घेतलं. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत भराभर माती भिवाने ओढली. त्याला थांबा म्हणावं लागलं.

८

नमुन्यांमध्ये काही निघालं नाही. म्हणजे होतं, पण कुठल्याही रानात असावं तेवढंच. छावणी उठली. सर निवृत्त झाले. मी वर्षभरात दुसऱ्या कामावर लागले. तिथे सगळ्यांना माझं पूर्ण नाव घेऊन हाक मारायला लावते. त्यांना वाटतं, मला ते नाव आवडतं.

पुढच्या दिवाळीनंतर भोकरदनच्या बाजारात चतुराबाई भेटली. शिवकन्या तिच्या पदराला धरून होती. मी त्यांना चहाच्या टपरीपाशी सावलीत नेलं. कसं आहे, विचारलं.

"हाय," ती म्हणाली. "खातो, कामाला जातो, पैसे घरात देतो. मी आता हाकच मारत न्हाई. ताट वाढलं की येऊन बसतो. हाक न्हाई मारली म्हंजे ओ न्हाई आली तरी कळत न्हाई."

"आणि तिकडे? आबांच्या रानात?"

"कपाशी हाय त्याच्यावर. बराबर त्याच जागेवर जरा जास्तीच उंच हाय." तिने चहाचा कप खाली ठेवला. "मी तिकडं जात न्हाई. ही जाती."

शिवकन्या पदराआड गेली.

"लई मारलं, तरी जाती. मी निंदायला गेले की पळती. म्हन्ती, घरातला बाबा ओ देत न्हाई. रानातला देतो."

मी इतक्या जोरात बोलले की टपरीवाला बघायला लागला. "मग तिला शिकवा ना! नाव घेऊन हाक मार म्हणावं! नाव घेतलं की ते गप्प बसतं, तुम्ही पाहिलंय! भिवा म्हण म्हणावं, बाबा म्हणू नको!"

चतुराबाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहान मुलाने काहीतरी अडाण्यासारखं विचारावं आणि मोठ्याने ते समजून घ्यावं, तसं.

"बापाचं नाव घेऊन कुनी हाक मारतं का, मॅडम?"

मी माझ्या वडिलांचं नाव मनातल्या मनात हाकेसारखं घेऊन बघितलं, आणि ते तिथेही बाहेर पडेना.

चतुराबाई बाजाराची पिशवी उचलायला वाकली. शिवकन्येने पुढे होऊन टपरीवरून बिस्कीट घेतलं, दोन्ही हातांनी धरलं आणि माझ्याकडे बघत कुरतडायला लागली. तिची नखं मला दिसली. नखांच्या आत, मुळापर्यंत, तांबडी माती होती.

कडूबा आबांच्या रानात वर सगळी काळीच आहे. तांबडी लागायला तीन परस खाली जावं लागतं.